नाथसागराच्या काठाने दोघांचा प्रवास: बुडित गावठाणे आणि पुनर्वसित गावे कशी पाहावीत

जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, म्हणजेच नाथसागरावर, होडीतून आणि काठाने पायी फिरून बुडालेली जुनी गावठाणे पाहण्याचा बेत करणाऱ्या जोडप्याने सुट्टीच्या तारखा पक्क्या करण्याआधी वर्तमानपत्रातील पाणीसाठ्याचा आकडा नीट वाचायला शिकावे. या प्रवासात कोणते गावठाण पाहायला मिळेल, होडी कुठून सुटेल, चिखल किती तुडवावा लागेल आणि काठावर माणसे कामात असतील की निवांत, हे सगळे पाण्याची पातळी ठरवते. त्यामुळे पुढील सर्व सूचना त्या एका आकड्यापासून सुरू होतात.

पातळीवरून काळ ठरवणे

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब असून तिला २७ दरवाजे आहेत. गोदावरीचे खोरे येथे पसरट असल्यामुळे पाणी खोल न साचता रुंद पसरले. जलाशय पूर्ण भरला की तो सुमारे ५५ किलोमीटर लांब होतो आणि जवळपास ३५० चौरस किलोमीटर जमीन व्यापतो. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. या आकड्याला क्षेत्रफळाने भागल्यास सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते. इतक्या उथळ आणि पसरट पाण्यात पातळी फूटभर उतरली तरी काठ बराच आत सरकतो, आणि दोन महिन्यांपूर्वी जेथे होडी लागत होती तेथे आता हरभरा उभा आहे, असे दृश्य येथे नित्याचे असते.

वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी ही फक्त जिवंत साठ्याची, म्हणजे वापरासाठी सोडता येणाऱ्या पाण्याची असते, त्याखाली तळाशी उरणाऱ्या मृतसाठ्याची नसते, हे लक्षात ठेवावे. जिवंत साठा सुमारे ७६ टीएमसी आणि मृतसाठा सुमारे २६ टीएमसी आहे. त्यामुळे ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ ही बातमी वाचून तळ कोरडा पडला असेल अशी कल्पना करून कोणी गेले, तर समोर मैलोगणती पाणीच दिसते. टक्केवारीपेक्षा फुटांतील पातळी उपयोगाची. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी १५२२ फूट असते. पुनर्वसित गावातल्या जाणत्या माणसाला ‘आपलं जुनं गावठाण किती फुटांवर उघडं पडतं’ असे विचारले तर तो बहुधा आकडा सांगतो, आणि आकडा माहीत नसेल तर ‘अमुक साली पडलं होतं’ असे सांगतो, ज्यावरून पातळी शोधता येते.

एकाच फेरीत सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाणी भरपूर असते, काठावरची गावे, घाट आणि देवळे होडीतून पाहायला हा काळ उत्तम, पण गावठाणे पाण्याखाली असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा काळ असून पट्टकादंब, चक्रवाक आणि कधी रोहित पक्षी येथे मुक्कामाला असतात. जुनी वस्ती पाहायची असेल तर एप्रिलचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा हाच खरा हंगाम आहे, आणि तोही दरवर्षी सारखा नसतो. सलग चांगल्या पावसाच्या वर्षांनंतर मे महिन्यातही बरीच गावठाणे बुडालेली राहतात, तर २०१६ च्या उन्हाळ्यासारख्या दुष्काळात जिवंत साठा संपून नेहमी न दिसणाऱ्या जागाही उघड्या पडतात. पावसाळ्यात, विशेषतः नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले या भागांतील धरणांतून विसर्ग सुरू असताना, या पाण्यावर जाऊ नये. वर पाऊस झाला की येथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते.

जुने नकाशे आणि नवी उपग्रहचित्रे

धरणाच्या बुडित क्षेत्रात शंभरहून अधिक गावे बाधित झाली. त्यांतली नेमकी कोणती, कुठे होती हे कळण्यासाठी धरणापूर्वीचा नकाशा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांत हा परिसर मुख्यतः ४७ एम या विभागात आणि पश्चिम टोक ४७ आय या विभागात येते. जुन्या आवृत्तीचे पत्रक ग्रंथालयात किंवा एखाद्या भूगोल विभागात पाहायला मिळाले तर उत्तमच. ते न मिळाल्यास अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेले एकास अडीच लाख प्रमाणाचे नकाशे संगणकावर विनामूल्य पाहता येतात, आणि त्यांत मोठी गावे, गाडीवाटा व नदीचे जुने पात्र दाखवलेले आहे. जोडीला १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका घ्याव्यात. त्यांत गावनिहाय लोकसंख्या असते. एखाद्या गावात त्या वेळी किती माणसे राहत होती हे आधी माहीत असले, की गावठाणाच्या विस्ताराचा अंदाज घेऊन जाता येते.

यानंतर उपग्रहचित्रांकडे वळावे. सेंटिनेल उपग्रहांची चित्रे काही दिवसांच्या अंतराने नवी मिळतात आणि त्यांतील एक ठिपका जमिनीवरील दहा मीटरचा असतो. घर ओळखू येत नाही, पण उघडे पडलेले गावठाण भोवतालच्या काळ्या गाळात फिकट डागासारखे दिसते. जुन्या नकाशावरील गावाचे स्थान आणि चित्रातील हा डाग जुळला, की मोबाइलमध्ये त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश साठवून ठेवावेत. मागील उन्हाळ्यातील त्याच पातळीच्या दिवसाचे चित्रही पाहावे, म्हणजे जागेपर्यंत जमिनीवरून जाता येईल की ती बेट झालेली असेल, हे घरबसल्या कळते.

परवानगी

जलाशय आणि त्याचा काठ १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो आणि पर्यटन व छायाचित्रण या कारणांसाठी तो देता येतो. म्हणून वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडे लेखी अर्ज करावा. अर्जात दोघांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, तारखा, काठावरील गावे, होडी कोणाची आणि किती वाजेपर्यंत पाण्यावर राहणार हे स्पष्ट लिहावे. ‘जलाशय पाहण्यासाठी’ असे मोघम कारण दिलेल्या अर्जापेक्षा ‘अमुक पुनर्वसित गावांची जुनी गावठाणे पाहून छायाचित्रे घेण्यासाठी’ असे लिहिलेला अर्ज अधिकाऱ्यांना समजायला आणि त्यावर निर्णय घ्यायला सोपा जातो. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असल्याने त्यांच्या पैठण येथील कार्यालयातही कळवावे. धरणाची भिंत, दरवाजे आणि उपसा केंद्रांच्या परिसरात होडी नेऊ नये आणि छायाचित्रेही घेऊ नयेत. ड्रोन घरी ठेवावा.

स्वतःची शिडाची होडी ट्रेलरवर लादून आणण्याची इच्छा असणाऱ्यांनी तशी परवानगी वेगळी मागावी, पण ती मिळेल असे धरून सहलीचा बेत आखू नये. दोघांनाही शीड हाताळण्याची मुळात हौस असेल, तर नांदेड-लातूरकरांना जवळ पडणाऱ्या हैदराबादच्या हुसेनसागरावर रीतसर शिकण्याची सोय आहे. ती विद्या तेथेच पक्की करावी. नाथसागरावर हिंडण्यासाठी काठावरच्या मासेमाराची वल्ह्याची होडी, आणि तिच्यात बसलेला तो स्वतः, हेच साधन मला सर्वांत योग्य वाटते, कारण पाण्याखालच्या भिंती, विहिरी आणि बाभळीची खोडे त्याला ठाऊक असतात आणि कोणत्याही नकाशात ती नसतात.

आधी नवे गाव, मग जुने

या प्रवासाचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात. ते थेट पाण्याकडे जातात, चार दगड पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. गावठाण हे ओसाड असले तरी बेवारस नाही. तेथून उठलेली माणसे काठापासून काही किलोमीटरवर, आखीव रस्त्यांच्या पुनर्वसित गावात राहतात, आणि नव्या गावाला बहुधा जुनेच नाव असते. म्हणून पहिला दिवस नव्या गावासाठी राखून ठेवावा.

गावात शिरल्यावर प्रथम ग्रामपंचायतीत किंवा मारुतीच्या देवळासमोरील पारावर आपली ओळख द्यावी आणि येण्याचे कारण सरळ सांगावे. सर्वेक्षणाला आलेले सरकारी कर्मचारी किंवा जमिनीचे दलाल असा समज होणे येथे स्वाभाविक आहे, कारण मोबदला, पर्यायी जमीन आणि सातबारा यांचे प्रश्न धरणग्रस्तांच्या घरांत अजूनही जिवंत असतात. अशा वेळी ‘तुमचे काम करून देऊ’ असे कोणतेही आश्वासन देऊ नये. कोणी कागद दाखवले तर ते आदराने पाहावेत, त्यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत.

१९७५ च्या सुमारास गाव उठले तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते आज पासष्टीचे आहेत. जुन्या गावाचा पूर्ण आराखडा डोक्यात असलेली ही शेवटची पिढी म्हणता येईल. एखाद्या आजोबांजवळ बसून कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्या हाती द्यावी आणि ‘बाबा, वेशीतून आत आलं की पहिलं घर कोणाचं होतं?’ असे विचारावे. ‘जुन्या गावाबद्दल सांगा’ या प्रश्नाला उत्तर येते ते सगळीकडे सारखेच असते: गाव मोठे होते, जमीन काळी कसदार होती, सगळे गेले. पहिल्या घराविषयी विचारले की दुसरे घर आपोआप येते, मग गल्ली, मग पाण्याचा रस्ता, आणि तासाभरात कागदावर गाव उभे राहते. हा कागद पुढे गावठाणावर कोणत्याही नकाशापेक्षा जास्त कामाला येतो.

जोडप्याने जाण्याचा मोठा लाभ येथे दिसतो. पुरुषांना शेत, बांध, विहीर आणि तालमीची जागा आठवते, तर आज्जी आणि मावशींना चूल कोणत्या कोपऱ्यात होती, जाते कोठे मांडले होते, पाण्याला कोणत्या घाटाने जात होतो आणि बाळंतिणीची खोली कोणती होती हे आठवते. घराच्या आत राहिलेल्या या खुणाच गावठाणावर दगडांच्या रूपाने टिकलेल्या असतात. म्हणून दोघांपैकी पत्नीने स्वयंपाकघरात किंवा ओसरीवर बायकांशी आणि पतीने पारावर पुरुषांशी बोलावे, आणि संध्याकाळी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहावेत. दोन्हींत फरक निघेल. तो खोडू नये, दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

शेवटी एक गोष्ट आवर्जून विचारावी: गाव उठताना देव कोणता हलवला आणि कोणता तेथेच ठेवला. पुष्कळ ठिकाणी मूर्ती नव्या देवळात आणल्या गेल्या, पण शेंदूर लावलेले एखादे शेतातले किंवा वेशीवरचे ठाणे तसेच राहिले. अशा जागेशी उघडी पडल्यावर चप्पल घालून जाणे गावाला खटकते. आपल्याबरोबर नव्या गावातील एखादी व्यक्ती यायला तयार असेल तर तिला अवश्य न्यावे आणि तिचा दिवसाचा रोज बुडत असेल तर तो आधी बोलून द्यावा.

होडी, वारा आणि काठावरचे धोके

या पाण्यावर दोन प्रकारची साधने दिसतात: लाकडी किंवा फायबरची होडी आणि थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला चप्पू. चप्पूवर मासेमार सहज तोल सांभाळतो, पण पाहुण्याने त्यावर बसू नये, मग तो कितीही आग्रहाने बोलवो. होडी ठरवताना आधी ती पाण्यात ढकलून तळात किती पाणी शिरते ते पाहावे. नावाडी आणि आपण दोघे अशा तिघांपेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत. तरंगण्याचे जाकीट तेथे मिळेल असे समजू नये, घरूनच आणावे. जाकीट घातल्यावर जोडीदाराने ते खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यातही सरकेल, तेव्हा छातीचे पट्टे आणखी आवळावेत. पोहता येते म्हणून जाकीट न घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे. चाळीस अंशांच्या उन्हात दोन तास बसल्यावर पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय पोहायला सांगितल्याप्रमाणे चालत नाहीत.

उन्हाळ्यात सकाळी पाणी आरशासारखे असते आणि दहा-अकरानंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. जलाशय पूर्व-पश्चिम पसरलेला असल्यामुळे या वाऱ्याला मोकळे पाणी लांबवर मिळते आणि पैठणकडील पूर्व भागात लाटा उंच उठतात. यावरून दोन नियम निघतात. पहिला असा, की पहाटे निघताना पश्चिमेकडे जावे, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. दुसरा, वारा पाठीशी आहे म्हणून दुपारपर्यंत थांबू नये. नावाड्याला आदल्या संध्याकाळी ‘मामा, उद्या वारं कधी सुटंल?’ असे विचारले तर तो जी वेळ सांगेल, त्याच्या तासभर आधी काठावर पोहोचण्याचा बेत करावा. मे महिन्यात वळवाचे ढग दुपारनंतर फार वेगाने भरून येतात. नैऋत्येला किंवा पश्चिमेला काळे दिसू लागले, गार झुळूक आली, की जवळचा कोणताही काठ धरावा. आपण जेथून निघालो तोच काठ गाठण्याचा आग्रह धरू नये.

काठाजवळचे धोके पाण्यातल्या धोक्यांपेक्षा अधिक आहेत. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्याच्या कडेला असतात आणि पाणी मागे सरकेल तशा त्या पुढे नेल्या जातात. त्यांच्या वीजवाहक केबली कित्येकदा जोड दिलेल्या अवस्थेत चिखलातून किंवा उथळ पाण्यातून गेलेल्या असतात. म्हणून मोटारी दिसल्या की होडी तेथे लावू नये आणि पाय पाण्यात टाकू नये. मोटारीपर्यंत पाणी आणण्यासाठी खणलेले चर वरून सपाट दिसतात आणि आत कमरेइतके खोल असतात. वाळलेल्या गाळावर पडलेल्या भेगांची पापडी चालताना घट्ट लागते, पण पाण्यापासून शंभर-दोनशे पावलांच्या आत तिच्याखाली ओला गाळ असू शकतो. काठीने टोचत, एकामागोमाग एक, दहा पावलांचे अंतर ठेवून चालावे, म्हणजे एक रुतला तर दुसऱ्याला मदत करता येते. सर्वांत वाईट धोका जुन्या विहिरींचा. त्यांचे कठडे ढासळलेले असतात, तोंडाशी गाळ आणि वाळलेले पाणवेलांचे थर असतात आणि वरून जमीनच भासते. आजोबांनी काढून दिलेल्या कागदावर विहिरींच्या जागा लाल पेन्सिलीने खुणावून घेणे म्हणून आवश्यक आहे.

गावठाणावर पाय ठेवल्यावर

प्रथम गावठाण ओळखता आले पाहिजे. भोवतालची शेतजमीन काळी असते, आणि शेकडो वर्षे माणसे राहिलेली जागा राखेमुळे, शेणामातीमुळे आणि पडलेल्या भिंतींच्या मातीमुळे फिकट पांढुरकी असते. शिवाय ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच असते. पाणी उतरताना हीच जागा आधी बेट म्हणून डोके वर काढते. पृष्ठभागावर गोड्या पाण्यातील शिंपल्यांची कवचे, खापऱ्या आणि गोट्यांचा थर पसरलेला दिसतो.

येथे उभ्या भिंतींची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. खाली दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि मातीचे सपाट छत अशी त्यांची रचना होती. गाव उठताना लोकांनी तुळया, दारे, चौकटी आणि चांगले घडीव दगड गाडीत घालून नव्या जागी नेले. राहिलेल्या मातीच्या भिंती पाणी चढण्या-उतरण्याच्या पहिल्या काही वर्षांतच विरघळून गेल्या. त्यामुळे आज दिसतात त्या जोत्यांच्या रांगा, आणि त्याच वाचायला शिकावे. दोन समांतर रांगांमधील सहा-सात फुटांची मोकळी पट्टी म्हणजे गल्ली. रांगेतील खंड आणि तेथे आडवा पडलेला झिजलेला दगड म्हणजे उंबरा. बसून त्या दगडावर हात फिरवल्यास मध्यभागी पावलांनी पडलेला खोलगटपणा तळहाताला जाणवतो, आणि दोन्ही टोकांना चौकट रोवण्याची चौकोनी भोके सापडतात. आत गेल्यावर जमिनीत पुरलेल्या रांजणाचे बूड, दगडी उखळ किंवा जात्याची अर्धी तळी दिसली, तर ते स्वयंपाकघर. बायकांनी सांगितलेल्या खुणा येथे तपासून पाहाव्यात.

देवळे आणि गढ्या घडीव दगडाच्या असल्याने अधिक टिकतात. देवळात शिरताना छताकडे पाहावे. पाण्यात भिजणे आणि वाळणे वर्षानुवर्षे चालल्यामुळे सांध्यांतील चुना गेलेला असतो आणि शिळा केवळ वजनावर टेकलेल्या असतात. अशा मंडपाखाली दुपारच्या सावलीसाठी बसू नये. दगडांच्या फटींत नाग आणि घोणस असतात, म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातात काठी असल्याशिवाय जोत्यांवर चढू नये.

उन्हाळ्यात उघडी पडलेली हीच बेटे नदी सुरय आणि आर्ली या पक्ष्यांची अंडी घालण्याची जागा असते. घरटे म्हणावे असे काही नसते, उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी असतात आणि ती गोट्यांत मिसळून जातात. पक्षी डोक्यावर ओरडत झेपावू लागले, की आपण त्यांच्या अंड्यांजवळ आलो आहोत असे समजावे आणि आल्या पावलांवर पाय ठेवत मागे फिरावे. पक्षी उठून गेल्यास मेच्या उन्हात अंडी थोड्याच वेळात निकामी होतात. गावठाण पुढल्या वर्षीही तेथेच असेल.

कोणतीही वस्तू उचलू नये. पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान, त्यामुळे या खोऱ्यात सापडलेली खापरी पन्नास वर्षांपूर्वीची असेल किंवा दोन हजार वर्षांपूर्वीचीही. नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वस्तूशेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, स्थान नोंदवावे आणि ती तेथेच ठेवावी. गावठाणाभोवतीच्या ओल्या गाळात कोणी गाळपेरा केला असेल तर त्या पिकातून वाट काढू नये. ते एखाद्या धरणग्रस्ताच्याच घरचे असण्याची शक्यता मोठी आहे.

सोबत काय घ्यावे, कुठे राहावे

उन्हाळ्यात माणशी पाच लिटर पाणी घ्यावे, जलाशयाचे पाणी पिऊ नये. शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सर्वांत चांगली, ती दोन दिवस उन्हातही खराब होत नाही. मोबाइलसाठी जलरोधक पिशवी, शिट्टी, वीस मीटर दोरी, मीठ-साखरेची पाकिटे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि रुमाल एवढे पुरते. संकटसमयी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागासाठी १९२६ हे क्रमांक नावाड्याच्या मोबाइलमध्येही साठवावेत, कारण काठाच्या पुष्कळ भागात एकाच कंपनीचे जाळे चालते आणि ते कोणते हे त्यालाच ठाऊक असते.

मुक्काम पैठणला करावा. तेथे भक्तनिवास आणि साध्या खाणावळी आहेत. नाथषष्ठीच्या दिवसांत मात्र पैठणमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपासचा आठवडा टाळावा. अभयारण्याच्या हद्दीत तंबू ठोकून राहू नये. काठावरच्या गावात कोणी घरी थांबवून घेतले तर थांबावे, परंतु शौचालयाची सोय आधी विचारण्यात संकोच करू नये. हा प्रश्न पतीने पारावर विचारण्यापेक्षा पत्नीने घरातील बाईला विचारला, की लगेच सुटतो.

तीन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी सकाळी पैठणचे शासकीय वस्तुसंग्रहालय पाहावे, म्हणजे या काठावरच्या मातीतून काय निघाले आहे याची नजर तयार होते. नागघाट आणि एकनाथांची समाधी पाहून दुपारी ठरवलेल्या पुनर्वसित गावात जावे आणि संध्याकाळपर्यंत तेथेच राहावे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला होडी सुटली पाहिजे. एक, फार तर दोन गावठाणे पाहावीत आणि दहाच्या आत काठाला यावे. दुपार झोपेत घालवावी, संध्याकाळी पुन्हा गावात जाऊन सकाळची छायाचित्रे आजी-आजोबांना दाखवावीत. मोबाइलच्या पडद्यावर जोती पाहून ‘हे आमचं नव्हं, हे शेजाऱ्याचं’ अशी दुरुस्ती येथेच होते.

तिसरा दिवस जलाशयाच्या पश्चिम टोकाचा. गोदावरी आणि प्रवरा जेथे मिळतात तेथे उत्तर काठावर गंगापूर तालुक्यातील कायगाव आणि दक्षिण काठावर नेवासे तालुक्यातील टोका व प्रवरासंगम ही गावे आहेत. मराठवाड्याची हद्द येथे नदीतच संपते. टोका येथील अठराव्या शतकातील सिद्धेश्वराचे देऊळ आणि नदीत उतरणारे घाट पाहिल्यावर, पाण्याखाली गेलेल्या इतर गावांचे घाट कसे असतील याची कल्पना करता येते. येथे छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या महामार्गाने थेट पोहोचता येते, त्यामुळे होडीची गरज नाही. वेळ उरल्यास प्रवरेच्या काठाने नेवाशाला जावे.

नोंदी

प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख, स्थान आणि त्या दिवशीची फुटांतील पाणीपातळी लिहून ठेवावी. पातळी लिहिलेली नसेल तर पुढील वर्षी तेच छायाचित्र दुसऱ्या कोणालाही उपयोगी पडत नाही, कारण ती जागा पुन्हा केव्हा उघडी पडेल हे त्यावरून सांगता येत नाही. गावठाणाचा कागद स्वच्छ काढून त्यावर सांगणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीनेच घालावीत, दोन प्रती छापाव्यात, एक ग्रामपंचायतीत किंवा शाळेत द्यावी आणि एक ज्या घरी बसून तो काढला त्या घरी पोहोचवावी. टपालाने पाठवण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी भरल्यावर दुसऱ्या फेरीला जाताना स्वतः नेऊन द्यावी, तेव्हा उन्हाळ्यात न भेटलेले, कामासाठी बाहेरगावी गेलेले लोकही दिवाळीनिमित्त गावात आलेले असतात.